हजार तुकडे म्हणजे 1026

जिगसॉच्या खोक्यावर 1000 हा आकडा छापलेला असतो, पण आतले तुकडे मोजले तर बऱ्याचदा ते 1026 भरतात. मोजण्यात चूक झालेली नसते. चित्र साधारण 70 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच असतं. त्याचे 38 उभे आणि 27 आडवे पट्टे पाडले की प्रत्येक तुकडा जवळजवळ चौरस होतो, आणि 38 गुणिले 27 म्हणजे 1026. नेमके हजारच हवेत म्हणून 40 गुणिले 25 केले असते, तर तुकडे लांबट झाले असते. मग तुकडा उभा बसणार की आडवा, हे ओळखणं फारच सोपं झालं असतं.

यातले काठाचे तुकडे 126. ते पहिल्या संध्याकाळीच जुळतात, कारण त्यांची एक बाजू सरळ असते आणि सरळ रेघ डोळा क्षणात हेरतो. चौकट तयार होते आणि आत बसवायचे बरोबर 900 तुकडे उरतात.

आता एक हिशेब करून बघा. चित्राकडे न पाहता, डोळे मिटून हे 900 तुकडे जुळवायचे ठरवलं तर? कोणत्याही दोन तुकड्यांच्या जोड्या होतात 4,04,550. प्रत्येक तुकड्याला चार बाजू, म्हणजे एकेक जोडी 16 प्रकारे लावून बघावी लागेल. एकूण खटपटी 64 लाखांच्या वर. दोन सेकंदांना एक या वेगाने, न झोपता, न जेवता सगळ्या करून पाहायच्या तर जवळजवळ 150 दिवस लागतील. आणि माणसं तर हेच चित्र आठ-दहा संध्याकाळींत पुरं करतात! हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला, तेव्हा टेबलावरच्या त्या अर्धवट चित्राकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो. उरलेल्या लाखो खटपटी गेल्या कुठे?

त्यातल्या बऱ्याचशा परातीत जिरल्या. आमच्या घरी खोकं उघडलं की आधी ताटं, परात आणि डब्यांची झाकणं बाहेर येतात. आभाळ एका ताटात, झाडी दुसऱ्यात, कौलं झाकणात. 900 तुकड्यांचे शंभर-शंभरचे नऊ ढीग केले की एका ढिगात फक्त 4,950 जोड्या उरतात. नऊ ढिगांच्या मिळून 44,550. निवडायला अर्धा तास लागतो आणि काम नऊपटीने हलकं होतं. पुढे ढिगातून हात फिरवतानाही नजर आपण न सांगता चाळणी लावत असते. हा निळा जरा फिका, याचा कान जाडा, याची मान तिरकी. नुसतं आभाळ उरलं की रंग कामाचा राहत नाही आणि मग कानांचे आणि खाचांचे आकारच बोलू लागतात. शेवटी तुकडा जागेवर बसतो, तेव्हा ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.

जुन्या तुकड्यांना हे कान नव्हतेच. 1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने महोगनीच्या फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांच्याकडे असे कापलेले नकाशे ठेवायला खास कपाट होतं. महाराष्ट्राचे जिल्हे जुळवून नकाशा पुरा करणारं आपल्याकडचं मूल त्याच खेळात रमलेलं असतं. तुकड्याचा आकार म्हणजेच त्या प्रदेशाचा आकार, ही त्यातली गंमत. पुढे बारीक पात्याच्या करवतीवरून या खेळाला जिगसॉ हे नाव पडलं. आज पुठ्ठ्याची चित्रं करवतीने कापतच नाहीत. धारदार पोलादी पट्ट्या वाकवून केलेला साचा त्यांच्यावर दाबतात. तो साचा एकाच चित्रापुरता नसतो, म्हणून कधीकधी दोन वेगळ्या खोक्यांतले तुकडे एकमेकांत अचूक बसतात. काही कलावंत अशी खोकी शोधून एका चित्रातला घोडा दुसऱ्या चित्रातल्या इंजिनाला जोडतात!

संगणकाला हे काम सोपं जावं असं वाटतं. हर्बर्ट फ्रीमन आणि एल. गार्डर यांनी 1964 साली संगणकाकडून फक्त आकारावरून जिगसॉ सोडवून घेतलं, तेव्हा त्यात नऊ तुकडे होते. 2007 साली एरिक आणि मार्टिन डिमेन या मुलगा-वडिलांनी दाखवून दिलं, की चित्राचा आधार नसेल आणि चुकीचे तुकडेही एकमेकांत बसत असतील, तर हे कोडं एनपी-कम्प्लीट ठरतं. म्हणजे तुकडे वाढत गेले तरी दरवेळी झटपट उत्तर देईल अशी कोणतीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. चूक असूनही बसणारा एक तुकडा पुढचं सगळं बिघडवून ठेवतो. जिगसॉ जोडणाऱ्या प्रत्येकाने आभाळात हे भोगलेलं असतं.

या खेळाचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं रूप मात्र खोक्यात मावणारं नाही. 1989 साली पूर्व जर्मनीतली राजवट कोसळू लागली, तेव्हा श्टाझी या गुप्त पोलीस खात्याच्या माणसांनी नागरिकांवर पाळत ठेवून लिहिलेली कागदपत्रं नष्ट करायला घेतली. यंत्रं पुरेनात म्हणून कागद हातांनी फाडले. लोकांनी कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि सुमारे 16,000 पोती वाचली. 1995पासून न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ गावी एका छोट्या गटाने ते कपटे हातांनी जुळवायला सुरुवात केली. खोक्यावर चित्र नाही, सरळ काठही भरवशाचा नाही. कागदाचा रंग, शाई, अक्षराचं वळण आणि फाटलेली कड, एवढाच आधार. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. एका टेबलावर फाडलेले कागद बहुधा एकाच पोत्यात पडलेले होते. निवडून ढीग लावण्याचं काम फाडणाऱ्यांनीच नकळत करून ठेवलं होतं.

अशी जवळपास 500 पोती हातांनी जुळवून झाली. त्यांतून 15 लाखांच्या आसपास पानं उभी राहिली आणि आपल्यावर कुणी काय लिहून ठेवलं होतं, हे माणसांना वाचता आलं. 15,000हून अधिक पोती अजून बांधलेलीच आहेत.