रचनाबंध : नाव आणि काम

संगणकशास्त्राच्या वर्गात 'डिझाइन पॅटर्न' शिकवताना मी 'रचनाबंध' हा शब्द वापरतो. साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या 'आकृतिबंध' या शब्दाच्याच कुळातला तो आहे. मूळ कल्पनाही संगणकाबाहेरचीच. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात घर, रस्ता, नगर यांच्या रचनेत वारंवार येणाऱ्या अडचणी आणि त्यांची उत्तरे २५३ रचनाबंधांत मांडली. पुढे १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगसाठी २३ रचनाबंध ग्रंथरूपाने दिले.

या चौघांनी रचनाबंधाची चार अंगे सांगितली : नाव, अडचण, उत्तर आणि परिणाम. विद्यार्थी बहुधा नाव आणि उत्तर पाठ करतात. अडचण आणि परिणाम मागे राहतात. मराठी नाव नीट निवडले, तर चारही अंगे एकत्र हाती येतात, असे माझे मत आहे.

'ऑब्झर्व्हर' हा रचनाबंध पाहू. क्रिकेटची धावसंख्या एका ऑब्जेक्टकडे आहे. फलक, आलेख आणि सरासरी दाखवणारे ऑब्जेक्ट निराळे आहेत. प्रत्येकाने क्षणाक्षणाला 'बदल झाला का?' असे विचारत राहावे, तर हेलपाटे फुकट जातात. धावसंख्येच्या ऑब्जेक्टने प्रत्येकाला स्वतंत्र ओळखावे, तर नवा फलक आला की त्या ऑब्जेक्टचा कोड बदलावा लागतो. उत्तर असे : ज्याला बातमी हवी त्याने यादीत नाव नोंदवावे, बदल झाला की यादीतल्या सर्वांना एकाच ठरलेल्या पद्धतीने कळवले जाईल.

शब्दकोश पाहून याला 'निरीक्षक' म्हटले, की मुलांच्या डोळ्यांपुढे शाळा तपासायला येणारा अधिकारी उभा राहतो. तो स्वतः जाऊन पाहतो. येथे तर जाऊन पाहणे टाळण्यासाठीच सारी खटपट आहे. म्हणून मी 'वर्गणीदार' म्हणतो. पैशाचा भाग वगळला, तर नियतकालिकाचा व्यवहार येथे तंतोतंत लागू पडतो : अंक निघाला की नोंदलेल्या प्रत्येकाला जातो, आणि वाचक बदलले म्हणून संपादनाची पद्धत बदलत नाही. मूळ ग्रंथानेही 'पब्लिश-सब्स्क्राइब' हे पर्यायी नाव दिलेलेच आहे.

या शब्दातून परिणामही कळतो. गाव सोडून गेलेल्या वर्गणीदाराचे नाव कापले नाही, तर अंक जातच राहतो. तसेच काम संपलेला ऑब्जेक्ट यादीतून काढला नाही, तर तो मेमरीत अडकून राहतो. प्रोग्रॅम हळूहळू जड होतो आणि कारण लवकर सापडत नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : इंग्रजी शब्दाचा अर्थ पाहण्याआधी ती रचना कोणती अडचण सोडवते, ते पाहावे. त्या अडचणीला आपल्या व्यवहारात बहुधा आधीपासूनच एखादे नाव असते.