रक्कम अक्षरी

विद्यार्थ्यांनो, नांदेडच्या एखाद्या बँकेचा चेक पाहा. रक्कम दोनदा लिहितात : आकड्यांत आणि अक्षरांत. दोन्हींत फरक पडला, तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. आता संगणकही चेक छापतो, म्हणून त्यालाही अक्षरी रक्कम अचूक लिहावी लागते. इंग्रजीत 'ट्वेंटी'ला 'वन' जोडले की झाले. मराठीत २१ म्हणजे एकवीस, उर्दूत इक्कीस; एक आधी, वीस नंतर. ४९ तर एकोणपन्नास, उर्दूत उनचास! नुसते जोडून भागत नाही. शंभरापर्यंतची यादीच संगणकाला द्यावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असेही वाचन आले आणि मोठा वाद झाला. ते सोपे खरे, पण लातूरच्या बाजारात तसा भाव कोण सांगतो? आता ५९ दोन्ही भाषांत अक्षरी लिहा.