मांजरांची चित्रकथा आणि चुनखडकातील गुहा

प्राण्यांच्या तोंडून माणसांच्या गोष्टी सांगण्याची रीत आपल्याला पंचतंत्रापासून ठाऊक आहे. याच रीतीने एका शहराचा इतिहास सांगणारी, माझी अत्यंत आवडती चित्रकथा म्हणजे ‘लॅकाडेझी’. ट्रेसी जे. बटलर या अमेरिकन चित्रकर्तीने २००६ साली ती इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

कथेचा काळ आहे १९२७ आणि ठिकाण मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुइस शहर. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू बनविणे, विकणे व वाहून नेणे यांवर बंदी आली होती. ती ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. कथेतील मिट्झी मे ही विधवा वरकरणी कॅफे चालविते. पण त्याखालच्या गुहेत तिचा चोरटा गुत्ता असतो. व्हायोलिन वाजविणारा रॉकी तिला चोरून माल आणून देतो. सारी पात्रे मांजरे! कान मागे पडले वा शेपूट फुलली, की पात्राच्या मनातले न सांगता कळते. त्या काळच्या मोटारी, कपडे व इमारती मात्र बारकाईने रेखाटल्या आहेत.

शहराखाली गुहा ही कल्पना काय? मुळीच नाही. सेंट लुइस चुनखडकावर वसले आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. ते खडकातील कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट करते. हजारो वर्षे हे चालले, की भेगांच्या गुहा होतात. तेथील तापमान बाराही महिने सुमारे १३ अंश सेल्सियस असते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेल्या बिअर उत्पादकांनी हे हेरले. त्यांच्या बिअरचे किण्व थंडाव्यात काम करते. हिवाळ्यात नदीवरचा बर्फ कापून गुहेत साठविला, की उन्हाळ्यातही बिअर टिके. पुढे शीतयंत्रे आली आणि गुहांची गरज संपली.

दारूबंदीची दुसरी बाजू भयंकर होती. कारखान्यांत लागणारे अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकार त्यात मिथेनॉलसारखी विषे मिसळावयास लावी. १९२७ पासून त्यांचे प्रमाण वाढविण्यात आले. तरी तेच अल्कोहोल चोरून विकले गेले आणि पिणारे दगावले. मिथेनॉल रंगावरून वा वासावरून ओळखता येत नाही. यकृतात त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर आघात करते. माणूस आंधळा होतो, पुष्कळदा मरतो. हा केवळ परदेशचा जुना इतिहास नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलयुक्त गावठी दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले.

चित्रकथा इंग्रजीत आहे आणि तीत बंदुकांची मारामारीही आहे. तेव्हा शिक्षकांनी ती आधी वाचून नववी-दहावीच्या वर्गापुढे ठेवावी. कायदा आणि त्याचे परिणाम यांवर चांगली चर्चा घडेल.

आणि गुहेचे रसायन पाहावयाचे असेल, तर अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येऊन कवच विरघळू लागेल. तेही कॅल्शियम कार्बोनेटच! व्हिनेगर पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी आम्लधर्मी असल्याने हजारो वर्षे थांबावे लागणार नाही. एक-दोन दिवस पुरेत.