न लिहिलेल्या ओळीतील चूक

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहिणारा मनुष्य स्वतःच्या चुका ओळखावयास लवकर शिकतो. कंस मिटवावयाचा राहिला, नाव चुकीचे पडले, अंकाच्या जागी शब्द आला, की कंपायलर, म्हणजे माणसाच्या लिखाणाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी व्यवस्था, ती ओळ दाखवून थांबते. लिहिणारा जीभ चावतो, दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. परंतु केव्हा केव्हा कंपायलर ज्या ओळीवर बोट ठेवतो, ती ओळ लिहिणाऱ्याने लिहिलेलीच नसते. तिच्यात त्याने कधी न योजलेली नावे असतात आणि कधी न मागितलेल्या अटी असतात. नवशिक्या अशा वेळी घाबरतो. आपल्या बुद्धीलाच हे झेपणारे नाही, असा समज करून घेऊन तो पुस्तक मिटण्याचाही संभव असतो. वस्तुतः त्याच्या बुद्धीचा येथे काही दोष नसतो. त्याच्या आणि कंपायलरच्या मध्ये एक तिसरा लेखक उभा आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा तिसरा लेखक सीमाभागातील मराठी माणसाला फार परका वाटू नये. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारखे गाव घ्यावे. बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडतात. परंतु निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, कचेरीचा कारभार चाले तो उर्दूत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि कचेरीची भाषा कानडी झाली. अशा ठिकाणी शेतकऱ्याने आपली हकीकत मराठीत चार वाक्यांत सांगावी आणि अर्जनवीसाने ती ठराविक नमुन्यात घालून, कलमे व उपकलमे जोडून, दुसऱ्या भाषेत दोन पाने करावी, हे ओघानेच आले. समजा, तो अर्ज परत आला आणि वर शेरा पडला, की ‘सातव्या कलमात हद्दीचा उल्लेख विसंगत आहे.’ शेतकऱ्याला सातवे कलम म्हणून काही आहे, हेच ठाऊक नसते. त्याने नुसत्या शेऱ्याकडे पाहत बसून उपयोग नाही. पुरता अर्ज वाचवून घ्यावा, सातव्या कलमात आपले कोणते वाक्य शिरले ते शोधावे, आणि दुरुस्ती त्या मूळ वाक्यात करावी.

आज्ञावलीच्या व्यवहारात या अर्जनवीसाला मॅक्रो म्हणतात. थोडक्यात लिहावे आणि त्याचा विस्तार यंत्राने करून घ्यावा, ही कल्पना जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला, त्या सुमारास अमेरिकेत मॅक्रोंचा उपयोग रूढ होऊ लागला होता. डग्लस मॅकिलरॉय यांनी त्याच वर्षी कंपायलरच्या भाषांना मॅक्रोची जोड कशी द्यावी यावर निबंध प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा लिहावी लागणारी वीस ओळींची रचना एका शब्दात मावू लागली, की लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात आणि नकलेतील चुकाही टळतात. परंतु कंपायलर वाचतो तो विस्तारित मजकूर, आणि मनुष्याच्या डोळ्यांपुढे असतो तो संक्षेप. दोघांच्या हाती निरनिराळे कागद असल्यावर त्यांच्यात गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

ही अडचण सर्वांत गहन होते ती ‘असिंक’ फंक्शनांच्या बाबतीत. असिंक म्हणजे काय? गिरणीत दळणाचा डबा ठेवून मनुष्य तेथेच ताटकळत उभा राहत नाही. तो बाजारहाट करतो आणि पीठ झाल्यावर परत येतो. संगणकाचेही तसेच आहे. दूरच्या यंत्राकडून उत्तर यावयाचे असेल, तर तोपर्यंत स्वस्थ बसण्याऐवजी त्याने दुसरी कामे उरकावी. जेथे काम थांबवावयाचे आणि उत्तर आल्यावर पुढे न्यावयाचे, त्या जागी लिहिणारा ‘अवेट’ हा शब्द घालतो. सी-शार्प भाषेत ही सोय २०१२ मध्ये आली, पायथनमध्ये २०१५ मध्ये. रस्ट भाषेच्या १.३९ या आवृत्तीत ती ७ नोव्हेंबर २०१९ रोजी पक्की झाली. पुढील विवेचन रस्टपुरते आहे; कारण या भाषेचा कंपायलर अत्यंत काटेकोर, आणि म्हणून त्याच्या तक्रारी सर्वांत बोधप्रदही.

असिंक फंक्शन दिसते साध्या फंक्शनासारखे, पण कंपायलर त्याचे काही निराळेच करतो. त्याला हाक मारली तरी काम सुरू होत नाही. हाती येते ते एक ‘फ्यूचर’, म्हणजे पुढे करावयाच्या कामाचे गाठोडे. काम एखाद्या अवेटपाशी थांबले, की पुढे लागणाऱ्या साऱ्या वस्तू या गाठोड्यात बांधून ठेवल्या जातात. टोकिओसारखी कामे चालविणारी यंत्रणा एकाच वेळी अनेक धाग्यांवर राबते. त्यामुळे एका धाग्याने बांधलेले गाठोडे दुसरा धागा उघडील, असा पुरा संभव असतो. म्हणून अशा यंत्रणेवर सोपवावयाच्या गाठोड्यातील प्रत्येक वस्तू परक्या हाती देण्याजोगी असली पाहिजे, असा नियम आहे. या गुणाला रस्टमध्ये ‘सेंड’ म्हणतात.

सगळ्याच वस्तू अशा नसतात. ‘आरसी’ नावाची एक वस्तू आहे. ती आपल्या मालाचे किती वाटेकरी आहेत याची गणती ठेवते, जणू पाटीवर खडूने. एकच मनुष्य लिहीत असेल तोवर हिशेब ठीक चालतो. दोघांनी एकाच क्षणी पाटीवर पाच हा आकडा वाचला आणि दोघांनीही सहा लिहिला, तर सातवा वाटेकरी गणतीतून नाहीसा होतो. पुढे कोणी तरी वापरीत असलेला माल मोडीत निघतो. याउलट ‘आर्क’ ही वस्तू तीच गणती अशा रीतीने करते, की दोघांचे हात एकमेकांत अडकत नाहीत. काम थोडे हळू होते, पण सुरक्षित होते. सामायिक मालाला कुलूप घालणाऱ्या ‘म्यूटेक्स’ची किल्लीही परक्या हाती देण्याजोगी नसते, ज्या धाग्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे, अशी काही यंत्रणांची अट आहे. तेव्हा ‘हे फ्यूचर धाग्यांमध्ये सुरक्षितपणे पाठवता येत नाही’ असे कंपायलर म्हणतो, तेव्हा तो कुरापत काढीत नसतो. हीच चूक चालू कामात फुटली असती, तर ती महिन्यातून एखाद्या वेळी, गर्दीच्या क्षणी फुटली असती, आणि कोणालाही तिचा माग लागला नसता.

आता यावर मॅक्रोचा थर चढला, की गुंता कसा होतो पाहा. अनेक प्रकारच्या वस्तूंनी पाळावयाचा जो समान करार, त्याला रस्टमध्ये ‘ट्रेट’ म्हणतात. असिंक फंक्शने २०१९ मध्ये आली खरी. परंतु ट्रेटच्या आत ती लिहिण्याची मुभा कंपायलरने बराच काळ दिली नाही. ती उणीव डेव्हिड टॉल्नी यांच्या ‘असिंक-ट्रेट’ या मॅक्रोने भरून काढली. ट्रेटच्या डोक्यावर एक खूण लिहावी, की आतील प्रत्येक असिंक फंक्शनाचे साध्या फंक्शनात रूपांतर होते, आणि ते फंक्शन पेटीत बंद केलेले फ्यूचर परत देते. उसन्या घेतलेल्या वस्तू किती काळ टिकल्या पाहिजेत, याची मर्यादाही मॅक्रोच ठरवून लिहितो आणि तिला ‘लाइफ-झीरो’, ‘लाइफ-वन’ अशी नावे देतो. शिवाय ते फ्यूचर ‘सेंड’ असावे, अशी अट तो आपण होऊन जोडतो. म्हणूनच लिहिणाऱ्याला चुकीच्या संदेशात एके दिवशी ‘लाइफ-झीरो’ भेटतो आणि तो स्वतःच्या फायलीत हे नाव शोधीत बसतो. ते तेथे नसतेच.

या प्रकारची सर्वांत जास्त चकवणारी चूक वास्तविक सर्वांत क्षुल्लक आहे. ट्रेटवर खूण लिहिली, पण त्या ट्रेटची अंमलबजावणी जेथे केली तेथे ती लिहावयाची राहिली. एका बाजूचा विस्तार झाला, दुसरी बाजू तशीच राहिली. मग कंपायलर ई ०१९५ या क्रमांकाची तक्रार करतो: कालमर्यादेची परिमाणे ट्रेटमधील घोषणेशी जुळत नाहीत. लिहिणाऱ्याने तर दोन्हीकडे अक्षरशः एकच ओळ लिहिलेली असते! कालमर्यादांवरील प्रकरणे धुंडाळण्यात संध्याकाळ घालवावी, आणि उत्तर निघावे एका विसरलेल्या खुणेत. तक्रार खरी असते, तिची जागाही बरोबर असते. दोन मजकुरांपैकी एक अर्जनवीसाकडे गेलाच नाही, एवढे मात्र कंपायलर सांगू शकत नाही.

‘टोकिओ-मेन’ या मॅक्रोची गोष्ट याहून साधी आहे. रस्टमध्ये प्रारंभीचे मुख्य फंक्शन असिंक असू शकत नाही. हा मॅक्रो ते साधे करतो, कामे चालविणारी यंत्रणा उभारतो आणि मूळ मजकूर तिच्या पोटात घालतो. खूण गळली तर ई ०७५२ हा क्रमांक दिसतो.

दुरुस्तीचा मार्ग अर्जाच्या दृष्टांतात आलाच आहे: आधी पूर्ण मजकूर वाचावा. त्यासाठी ‘कार्गो-एक्स्पांड’ हे साधन आहे. ते मॅक्रोने केलेला सारा विस्तार पडद्यावर मांडते. ‘रस्ट-अ‍ॅनालायझर’ हे संपादकाला जोडावयाचे साधनही कर्सर मॅक्रोवर ठेवल्यास त्याचा विस्तार दाखवते. विस्तार लांबलचक आणि कुरूप असतो, पण त्याला भिण्याचे कारण नाही. त्यातील ओळखीची वाक्ये आधी हेरावी, म्हणजे सांगाड्याचा भाग आपोआप वेगळा पडतो. विस्तारातही उलगडा झाला नाही, तर मॅक्रो काढून तोच मजकूर हाताने लिहून पाहावा. आता कंपायलरचे बोट नेमक्या जागी पडते. संदेशाची पहिली ओळ वाचून थांबणे ही सवय मात्र येथे फार महाग पडते. पहिल्या ओळीत पुष्कळदा केवळ मॅक्रोच्या खुणेखाली रेघ ओढलेली असते. कोणती वस्तू परक्या हाती देण्याजोगी नाही, आणि कोणत्या अवेटपाशी ती गाठोड्यात शिरली, ही मौल्यवान माहिती खालच्या टिपांत असते.

ती वस्तू सापडली, की उपाय अवघड नसतो. ती अवेटच्या पलीकडे लागतच नसेल, तर तिचे काम कंसांच्या जोडीत बंदिस्त करावे, म्हणजे अवेट येण्यापूर्वी तिचे आयुष्य संपते. लागत असेल, तर आरसीच्या जागी आर्क घ्यावी. कुलूप लावूनच थांबावयाचे असेल, तर टोकिओने त्याकरिता वेगळे म्यूटेक्स दिले आहे; तथापि कुलूप घेऊन वाट पाहणे ही रचनाच पुष्कळदा संशयास्पद असते, आणि आधी तिचाच विचार करावा. सर्व काम एकाच धाग्यावर चालणार असेल, तर असिंक-ट्रेटच्या खुणेत प्रश्नचिन्हासह ‘सेंड’ लिहून ती अट उठवता येते. अट का उठवली हे ठाऊक असल्याखेरीज मात्र हा उपाय करू नये. तक्रार बंद होते आणि तीच अडचण दुसऱ्या दाराने आत येते.

येथवर सारा भार मॅक्रो वापरणाऱ्यावर टाकला. पण मॅक्रो रचणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे, आणि ती अधिक मोठी आहे. रस्टमध्ये प्रत्येक शब्दासोबत त्याच्या उगमाची नोंद चालते. तिला ‘स्पॅन’ म्हणतात. मॅक्रोने वापरणाऱ्याचा शब्द विस्तारात घालताना ती नोंद जपली, तर चूक झाल्यावर बोट त्या मूळ शब्दावर पडते. सारा मजकूर आपल्याच नावावर चढवला, तर रेघ ओढली जाते ती मॅक्रोच्या खुणेखाली, आणि वापरणारा अंधारात चाचपडतो. मॅक्रोने योजलेली नावे वापरणाऱ्याच्या नावांशी भिडू नयेत, याचा पद्धतशीर विचार कोलबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडला होता. चांगला मॅक्रोकर्ता आणखी एक पाऊल पुढे जातो. असिंक नसलेल्या फंक्शनावर खूण आली, तर वेडावाकडा विस्तार करण्यापूर्वीच तो साध्या शब्दांत तक्रार नोंदवतो. हे तक्रारींचे शब्द आवृत्तीगणिक बिघडत तर नाहीत ना, हे तपासण्यासाठी ‘ट्रायबिल्ड’ हे साधनही उपलब्ध आहे.

२८ डिसेंबर २०२३ रोजी रस्टची १.७५ ही आवृत्ती आली आणि ट्रेटमध्ये असिंक फंक्शने थेट लिहिता येऊ लागली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणचा असिंक-ट्रेट काढून टाकता येतो. परंतु सर्व ठिकाणचा नव्हे. कोणत्या प्रकारची वस्तू येणार हे चालू कामातच ठरावयाचे असेल, तर अशा ट्रेटला ही नवी सोय पुरत नाही आणि जुना मॅक्रोच लागतो. शिवाय फ्यूचर ‘सेंड’ असावे ही अट पूर्वी मॅक्रो न सांगता घालीत असे. ती आता लिहिणाऱ्याने स्वतः घालावयाची आहे. ती विसरली, की कामे वाटून देण्याच्या ओळीवर पुन्हा तीच परिचित तक्रार उभी राहते. हे श्रम वाचावे म्हणून रस्टच्याच मंडळींनी ‘ट्रेट-व्हेरियंट’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. तेही मॅक्रोच आहे.