दारू तुटली की भीती का वाटते?

श्रावण लागला की आपल्याकडे बरेच जण दारू सोडतात. कोणी माळ घालतो, कोणी औंढ्याच्या नागनाथाला शब्द देतो. हेतू चांगलाच. पण रोज पिणारा माणूस एकदम थांबला, तर दिवसा-दोन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, कडी वाजली तरी तो दचकतो. कधी नसलेले किडे भिंतीवर दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली, आणि अंगारा आणायला धावतात.

ही बाधा बाहेरची नाही, मेंदूतली आहे. नागपूर विद्यापीठातील डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे व सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांवर याचा शोध घेतला. त्यांचे निबंध २००५ व २००६ साली प्रसिद्ध झाले.

उंदराची भीती मोजायची कशी? जमिनीपासून हातभर उंच, अधिकच्या चिन्हासारखी फळी करतात. दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. भ्यालेला उंदीर भिंतीच्या आडोशाला दबून बसतो. भीती कमी झाली की उघड्यावर हिंडतो. तो वेळ मोजायचा, बस्स. आपल्या गावचा सुतारही करून देईल असे हे यंत्र आहे!

आता पेप्टाइड म्हणजे काय? प्रथिने ज्या मण्यांची बनतात, त्याच मण्यांची छोटी माळ. गाय पान्हा सोडते तो ऑक्सिटोसिनमुळे. ते मेंदूतच तयार होते आणि त्याचे मणी ९. कुत्रे अंगावर आले की गाय पान्हा चोरते, हे तर बायाबापड्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

मेंदूत बदामाएवढा एक भाग भीतीचे काम पाहतो. तिथे ३६ मण्यांचे न्यूरोपेप्टाइड-वाय भीती उतरवते, तर १३ मण्यांचे अल्फा-एमएसएच ती चढवते. दारू दिलेले उंदीर निर्धास्त झाले. पण आधी अल्फा-एमएसएच दिले, तर दारूचा तो गुण चालला नाही. दारूची सवय लावून ती तोडली, तेव्हा उंदीर जास्तच भ्याले. अल्फा-एमएसएचची वाट अडवल्यावर ही भीती कमी झाली.

यावरून माणसासाठी लगेच गोळी निघत नाही. पेप्टाइड गिळले तर वरणासारखे पचून जाते. पण दारू तुटतानाच्या त्रासावर डॉक्टरांकडे वेगळी औषधे आहेत, ब-१ जीवनसत्त्वही देतात. हा त्रास अंगावर काढू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. नंतर ताप आणि भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो.

म्हणून माळ घालण्याआधी दवाखान्यात जावे. फिट आली, माणूस बरळू लागला, तर १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठावे. रोज किती, किती वर्षे आणि शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना खरे सांगावे. सोबतच्याने लाजेखातर निम्मी करून सांगू नये. औषध त्या हिशेबानेच ठरते.