परक्या रस्त्यावरचा पाहुणा

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची मोटार समोर आली की गोमंतकीय वाहनचालकाच्या कपाळावर हमखास आठी उमटते. हा पाहुणा भर चौकात थांबतो, वळण चुकले म्हणून गाडी मागे घेऊ लागतो आणि म्हापशाचा रस्ता कोणता, मडगावचा कोणता, याचा निर्णय होईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबून ठेवतो. आपण भोंगा वाजवतो, दोन शब्द सुनावतो आणि याच्या हाती गाडी दिली तरी कोणी, असे पुटपुटत पुढे निघून जातो. हे चित्र एकदा उलटे करून पाहण्याची वेळ आता आली आहे. कारण परदेशी जाऊन तेथे भाड्याची मोटार घ्यावी आणि सहल कंपनीच्या बसमागे न धावता आपल्या मर्जीने देश पाहावा, ही हौस आपल्याकडील सुस्थित कुटुंबांतही रुजू लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु त्या देशाच्या रस्त्यावर पहिले चाक फिरले की आपण स्वतःच काळ्या पाटीचे पाहुणे होतो, याचे भान प्रवासाची आखणी करताना फारच थोड्यांना असते.

अशी आखणी सामान्यतः कशी होते? नकाशा पसरला जातो, नामांकित स्थळांवर खुणा केल्या जातात, सर्व खुणा एका रेषेने जोडल्या जातात आणि ती रेषा रजेच्या दिवसांनी भागली जाते. एवढा खर्च करून चाललोच आहोत, तर अमुकही पाहू, तमुकही पाहू, या न्यायाने यादी वाढत जाते. भागाकारात रोज तीन-चारशे किलोमीटर येतात आणि तेथील रस्ते उत्तम आहेत म्हणून त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. या हिशेबात रस्ता असतो, पेट्रोल असते, निवासाचे भाडे असते. नसतो तो फक्त चालक. वास्तविक पहिल्या परदेशी मोटारप्रवासात सर्वात तुटपुंजे भांडवल पैशाचे नसते, वेळेचेही नसते; ते चालकाच्या अवधानाचे असते. प्रवासाचा आराखडा त्या भांडवलावरून आखला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल पोर्तुगाल घेऊ. गोमंतकीयांना त्या देशाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. घराण्यातील जुनी कागदपत्रे, वडीलधाऱ्यांच्या तोंडचे शब्द आणि पणजीच्या फोंतेन्यश वाड्यातील घरे पाहून तो मुलूख अर्धा ओळखीचा आहे, अशी आपली समजूत असते. रस्त्यावर मात्र ही ओळख कामास येत नाही. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजव्या बाजूला नेली. गोव्यात मात्र ती डावीकडेच राहिली, कारण शेजारचा सारा हिंदुस्थान डावीकडून चालत होता. राज्यकर्ते एक असतानाही रस्त्याची बाजू दोन्हीकडे वेगळी होती. त्यामुळे आज लिस्बनला उतरणारा गोमंतकीय आणि तेथे प्रथमच जाणारा अन्य कोणीही भारतीय, सुकाणूपुढे बसताच सारखेच नवखे ठरतात.

बाजू बदलते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. चालकाचे आसन डावीकडे येते, गिअर उजव्या हाताला येतो आणि वळणाचा दिवा लावायला जावे तर काचेवरचा वायपर फिरू लागतो. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की गाडीचा पसारा आपल्या डावीकडे आहे, या सवयीने बसलेला माणूस आता नकळत रस्त्याच्या उजव्या कडेकडे सरकत जातो आणि कडेला उभ्या असलेल्या वाहनांचे आरसे त्याच्या वाटेत येतात. चूक होते ती बहुधा गर्दीत नव्हे. गर्दीत पुढच्या गाडीमागे जायचे असते. चूक होते ती पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना किंवा जेवण करून पुन्हा निघताना, जेव्हा मन सैल होते आणि हात जुन्या सवयीने गाडीला डावीकडे नेतात. अशा वेळी एक खूण उपयोगी पडते: दोन्ही पद्धतींत चालक रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला बसलेला असतो. आपण कडेला बसलो आहोत असे दिसले, की गाडी चुकीच्या बाजूला आहे असे समजावे.

म्हणून पहिला नियम हा, की विमानातून उतरल्या दिवशी मोटार ताब्यात घेऊ नये. रात्रभराचे जागरण, मध्ये विमान बदलण्याची धावपळ आणि ऋतुमानानुसार साडेचार ते साडेपाच तासांचा वेळेचा फरक, एवढे अंगावर घेऊन नव्या बाजूने गाडी हाकणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. दहा दिवसांची सहल असेल तर पहिले तीन दिवस लिस्बनमध्ये मोटारीवाचूनच काढावेत. टेकड्यांवर वसलेले ते शहर ट्राम, मेट्रो आणि पायांनी पाहण्याचे आहे. बेलेंच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात गोव्याच्या कारभारासंबंधीच्या ‘लिव्हरुश दश मोंसोंयश’ या पत्रग्रंथांचे काही खंड आहेत; त्याच मालेतील उरलेले पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. सिंत्राला रेल्वेने पाऊण तासाच्या आत जाता येते. हे तीन दिवस वाया जात नाहीत. पदपथावर उभे राहून, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय करीत, आपली नजर त्या वाहतुकीला रुळत असते.

चौथ्या दिवशी सकाळी, शहराबाहेर पडणाऱ्या महामार्गालगतच्या ठिकाणाहून मोटार घ्यावी. अर्धा तास ती उभ्या जागीच समजून घ्यावी आणि ए-८ महामार्गाने सुमारे ८५ किलोमीटरवरील ओबिदुश या तटबंदीच्या गावी जाऊन दिवस संपवावा. पाचव्या दिवशी बाराव्या शतकातील मठाचे आल्कोबासा आणि १३८५ सालच्या विजयाचे स्मारक असलेले बाताल्या, ही दोन्ही मिळून साठेक किलोमीटर होतात. सहाव्या दिवशी कोईंब्रा, ९० किलोमीटरच्या आत. सातवा दिवस त्या विद्यापीठनगरीत पायी. आठव्या दिवशी सुमारे १२० किलोमीटरवरील पोर्तु गाठून तेथे मोटार परत करून टाकावी. मद्यगृहे पाहायची ती त्यानंतर. दहाव्या दिवशी रेल्वेने तीनेक तासांत लिस्बन. मोटार एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याबद्दल काही जादा आकार पडतो, तो आनंदाने द्यावा.

यावर कोणी म्हणेल, की हा फारच बेताचा प्रवास झाला. तो तसाच असावा, हेच आमचे म्हणणे आहे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. वरील आराखड्यात एकाही दिवशी तेवढेही अंतर कापावयाचे नाही. उत्तरेच्या शाव्हिशपासून दक्षिणेच्या फारूपर्यंत ७३९ किलोमीटर जाणारा ‘राष्ट्रीय मार्ग दोन’ पुष्कळांना खुणावतो. तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा. पहिल्या खेपेला देश पाहायचा असतो आणि गाडी हाकायलाही शिकायचे असते. दोन्ही कामे एकाच दिवशी पूर्ण ताकदीने होत नाहीत.

ऋतूचाही विचार हवा. जूनमध्ये लिस्बनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अटलांटिकवरून पाऊस येतो. ऑगस्टात साऱ्या युरोपची सुटी असल्याने गर्दी असते. काळोख पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे, हा नियम पाळायचा तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हेच महिने नवख्याला सोयीचे.

कागदपत्रांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो आणि त्याच वेळी प्रवासाचा क्रम, निवासाची व्यवस्था व किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. म्हणजे ज्याने तो रस्ता अद्याप पाहिलेलाही नाही, त्याला प्रत्येक रात्रीचा मुक्काम कागदावर लिहून द्यावा लागतो. हातघाईने लिहिलेली तीच यादी पुढे गळ्यातील लोढणे होते. म्हणून विचार अर्ज भरण्यापूर्वीच करावा. शिवाय त्या विम्याचा मोटारीशी संबंध नसतो. मोटारीचे नुकसान झाल्यास आपल्या अंगावर किती रक्कम येते, हे भाड्याच्या करारात पाहावे. दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचे नाव करारात नोंदवावे. गाडीवर आधीचे ओरखडे असल्यास त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

रस्त्याच्या नियमांपैकी काही तर घरीच पाठ करावेत. वस्तीत ताशी ५०, बाहेर ९० आणि महामार्गावर १२० किलोमीटर ही वेगमर्यादा. चौकात फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वर्तुळात आधीच शिरलेल्याला वाट द्यायची. आणि पहिल्याच फाट्याला बाहेर पडायचे नसेल तर बाहेरच्या पट्टीतून फिरत राहायचे नाही, असा तेथील कायदा २०१४ पासून आहे. पथकराचे म्हणाल तर आल्गार्व्हमधील ए-२२ सह काही महामार्गांवरील पथकर १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला. ए-१ आणि ए-८ वर मात्र तो द्यावा लागतो. त्यासाठीचे स्वयंचलित यंत्र गाडीसोबतच मागून घ्यावे. पेट्रोलपंपावर ‘गाझोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गाझोलियु’ म्हणजे डिझेल. शेवटच्या अक्षराच्या गल्लतीने अख्खी सहल रस्त्याच्या कडेला उभी राहू शकते.

येथे आमच्या वाहतूक खात्यालाही एक विनंती करावीशी वाटते. परदेशी वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे वाहतूक कार्यालयातून मिळतो. मूळ परवाना, पारपत्र व अन्य कागद तपासले जातात, शुल्क घेतले जाते आणि एक वर्षाच्या मुदतीची ती पुस्तिका हाती पडते. २०२२ साली तिचा नमुना देशभर एकसारखा करण्यात आला, हे योग्यच झाले. परंतु ती देताना कोणतीही नवी परीक्षा नसते, की उपदेशाचे दोन शब्द नसतात. ज्याने आयुष्यभर डावीकडूनच गाडी हाकली, त्याच्या हाती उजव्या बाजूची किल्ली अशी निमूटपणे दिली जाते. परीक्षा घ्या, असे आम्ही म्हणत नाही. अर्जदार ज्या देशाला निघाला आहे तेथील बाजू, वेगमर्यादा आणि चौकातील हक्क सांगणारे एक छापील पान मराठी-कोंकणीत त्या पुस्तिकेसोबत देण्यास फार खर्च येणार नाही. गाडीत एकट्या चालकाचा नव्हे, मागच्या आसनावरील मुलाबाळांचा आणि त्या देशातील पादचाऱ्यांचाही जीव असतो.

कुटुंबानेही आपला वाटा उचलावा. शेजारी बसणाऱ्याने नकाशा सांभाळावा, प्रत्येक वळणापूर्वी ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे आणि मागच्यांनी, अजून एक किल्ला राहिला, असा हट्ट धरू नये. वळण चुकले तर चुकू द्यावे. पुढच्या फाट्यावरून परत येता येते. दिवस संपताना कोणी रागावलेले नाही आणि चालक दमलेला नाही, तर आराखडा बरोबर होता असे मानावे, मग यादीतील दोन स्थळे का राहिली असेनात.

असा प्रवास करून परतलेला माणूस घरच्या रस्त्यावरही थोडा बदललेला असेल, अशी आमची अपेक्षा आहे. परक्या वर्तुळात शिरताना आपली छाती कशी धडधडली आणि मागच्या अनोळखी माणसाने भोंगा न वाजवता कसा क्षणभर वेळ दिला, हे त्याने अनुभवलेले असेल. पुढच्या वेळी पणजीच्या चौकात एखादी काळ्या पाटीची मोटार गोंधळून थांबली, तर त्यानेही तेवढा क्षण द्यावा.