कादंबरीतील माणूस आणि बलाढ्य शक्ती

दोन माणसांचा झगडा रंगविणे कादंबरीकाराला फारसे अवघड जात नाही. दोघांनाही चेहरे असतात, दोघांचेही बोलणे वाचकाला ऐकू येते. परंतु एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला रूढी, कायदा किंवा समुद्र असला, म्हणजे लेखकापुढे खरी अडचण उभी राहते. रूढीला चेहरा नसतो. कायदाही कोणाच्या दारी स्वतः येत नाही. येतो तो शिपाई. जिला रूप नाही अशी शक्ती वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी करावी कशी?

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. सभांतून व वृत्तपत्रांतून शास्त्राधार काढले जात असता आपट्यांनी तो वाद बाजूला ठेवला आणि यमू नावाच्या एका मुलीला तिच्या स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. यमूच्या आयुष्यात रूढी येते ती घरच्याच माणसांच्या रूपाने. ती वडीलधाऱ्यांच्या धाकातून येते, सासरच्या टोमण्यांतून येते, शेजारणींच्या कुजबुजीतून येते. तिचा पती रघुनाथराव सुशिक्षित आणि प्रेमळ आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला मोकळा वारा लागतो, लिहिण्यावाचण्याचा आनंद मिळतो. पतीच्या अकाली निधनाने ते सारे मावळते आणि पुढे तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करण्यात येते.

या कथेत शंकरमामंजींसारखा कपटी माणूस आहे, हे खरे. एखाद्या सामान्य लेखकाने सारा दोष त्याच्याच माथी मारला असता. परंतु शंकरमामंजींना कथेतून काढून टाकले, तरी यमूची सुटका होते असे दिसत नाही. न्हावी घरात आला असता मान खाली घालून बसणारी माणसे तेथे राहतातच. दर आठवड्यास 'करमणुकी'च्या अंकाची वाट पाहणाऱ्या घरांपैकी कित्येक घरांच्या माजघरात अशी एखादी यमू वावरत असली पाहिजे. कादंबरीच्या नावातील प्रश्न त्या घरांतील वाचकांनाच विचारलेला आहे.

फ्रान्समध्ये व्हिक्टर ह्यूगोने १८६२ साली 'ले मिझेराब्ल' प्रसिद्ध केली. तिच्यातील जाँ व्हालजाँ हा बहिणीच्या उपाशी मुलांसाठी पाव चोरतो आणि त्या गुन्ह्यापायी व पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी १९ वर्षे कैदेत काढतो. सुटल्यावर त्याच्या हाती पिवळा परवाना असतो. तो पाहताच खाणावळीची दारे बंद होतात. ह्यूगोने कायद्याला चेहरा दिला तो जावेर या पोलीस अधिकाऱ्याचा. जावेर लाचखाऊ नाही, खोटाही नाही. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. दया हा शब्द त्याच्या कोशात नाही. पुढे व्हालजाँ हाती सापडलेल्या जावेरला जीवदान देतो, तेव्हा या उपकाराचे काय करावे हे त्याला कळत नाही आणि तो सेन नदीत उडी घेतो. (ह्यूगोला विषयांतराचा मोह अनावर होता, वॉटर्लूच्या लढाईवरील आणि पॅरिसच्या गटारांवरील प्रकरणे एखाद्या उतावळ्या वाचकाने ओलांडली, तर त्याला फार दोष देता येणार नाही.)

तथापि या कादंबरीतील सर्वांत मोठी लढाई जावेरशी होत नाही. व्हालजाँ नाव बदलून एका गावाचा सन्मान्य नगराध्यक्ष झालेला असतो. अशा वेळी दुसराच एक गरीब माणूस व्हालजाँ म्हणून पकडला जातो. आता काही करायचे नाही, केवळ गप्प बसायचे. तेवढ्याने जुने पाप कायमचे पुसले जाणार! आपण तुरुंगात गेलो तर गावाचा उद्योग बुडेल, अनेकांच्या तोंडचा घास जाईल, असे चांगले कारणही हाताशी आहे. ती सबंध रात्र तो खोलीत येरझारा घालतो. सकाळी निघतो, वाटेत गाडीचे चाक निकामी होते तेव्हा त्याला सुटल्यासारखेही वाटते. तरी तो न्यायालयात पोहोचतो आणि स्वतःचे नाव सांगतो. बाहेरच्या शक्तीने त्याचे सर्वस्व हिरावले, पण हा निर्णय तिला करता आला नाही. गप्प बसण्याचा मोह ज्याला कधी झाला असेल, त्याला ही प्रकरणे वाचताना अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही १९५२ मधील छोटी कादंबरी पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. येथील शक्तीला कोणाचा चेहरा दिलेला नाही. तरुण कोळी समुद्राला पुल्लिंगी नावाने हाक मारून त्याला वैरी मानतात. म्हातारा सांतियागो त्याच समुद्राला स्त्रीलिंगी नाव देतो. मराठीत समुद्र सदैव पुल्लिंगी, म्हणून हा भेद मराठी वाचकाने थोडे थांबून लक्षात घ्यावा लागतो. ८४ दिवस मासा न मिळालेला हा म्हातारा आपल्या होडीहून दोन फूट लांब असलेल्या माशाशी झुंजतो आणि त्यालाच भाऊ म्हणतो. पुढे शार्क त्या माशाचे लचके तोडतात. किनाऱ्याला लागतो तो केवळ सांगाडा.

दुसऱ्या दिवशी प्रवासी मंडळींतील एक बाई तो सांगाडा पाहून वाढप्याला विचारते, हे काय आहे? घडले ते सांगण्यासाठी वाढपी शार्कचे नाव घेतो. तिला वाटते, हा शार्कचाच सांगाडा. शार्कचे शेपूट इतके सुंदर असते हे तिला ठाऊक नव्हते. त्या वेळी रस्त्याच्या वरच्या अंगाला, आपल्या झोपडीत, म्हातारा पालथा झोपलेला असतो आणि पोरगा त्याच्याजवळ बसून असतो.